तणाव्याची खुंटी

माझ्या मुलीनं आणि जावयानं पुण्यात एक गाडी घेतली आहे. गाडी म्हणजे घरच. आत पलंग, शेगडी, भिंतीतून ओढून काढायचं टेबल आणि कोपऱ्यात इवलीशी मोरी, तिचं मुलीला फार कौतुक. सुट्टी मिळाली की दोघं त्यात बसून निघणार आणि मनाला येईल तिथं राहणार. परवा फोनवर म्हणाली, "आई, तू तर गाडीत संसार केलायस. आम्हाला काही टिपा दे ना." मी बसले आणि चार पानं भरली. भरता भरता लक्षात आलं, की जे सांगायचं ते टिपांमध्ये मावत नाही. आणि मला अर्धवट सांगता येत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच झाला होता. उस्मानाबादेतून वेगळा निघालेला, त्यामुळे जो तो बदलून लातुरात आलेला. कचेऱ्यांनाच जागा नव्हत्या, मग कचेरीतल्या माणसांना कोण विचारतो? एक कचेरी तर डाळीच्या गोदामात भरायची आणि तिथल्या कारकुनांच्या केसांत तुरीचा भुसा असायचा. आमचं लग्न झालं त्या वर्षी पाऊस पडला नव्हता, आदल्या वर्षीही जेमतेमच. हे जमिनीखालचं पाणी शोधायच्या खात्यात होते. हे म्हणजे माझे यजमान. नाव घ्यायची सवय तेव्हा नव्हती, आता काय लागणार? मी नांदेडची, गोदावरीच्या काठावर वाढलेली. पाणी शोधावं लागतं हेच मुळी मला नवीन होतं.

खोली मिळेना. एका आडत्यानं दोन महिने "पुढच्या सोमवारी बघू" म्हणून झुलवलं आणि खोली दुसऱ्याच बदलीवाल्याला दिली. माझ्या वडिलांनी नांदेडहून निरोप धाडला, की घर मिळेपर्यंत पोरीला इकडंच ठेवा. मी म्हटलं, मुळीच नाही. लग्न करून माहेरी बसायचं होतं तर एवढा मांडव कशाला घातला? यांना महिन्यातले वीस दिवस गाडीतून गावोगाव हिंडायचं असे. मी म्हटलं, मग मीही गाडीतच राहते. यांच्या साहेबांनी कागदावर काही लिहिलं नाही आणि तोंडानं नाही म्हटलं नाही. असा आमचा संसार उभा राहिला. उभा कसला, चार चाकांवर बसला.

गाडी जुनी, राखाडी, एसटीच्या अर्ध्या लांबीची. आमच्याकडं यायच्या आधी ती कुटुंबनियोजनाच्या प्रचाराला होती. रंग देणाऱ्यानं अक्षरं पुसली, पण दारावरचा लाल त्रिकोण त्याच्या हातून राहून गेला. नवं जोडपं आणि दारावर लाल त्रिकोण. गावोगावच्या बायका आधी त्रिकोणाकडं बघत, मग माझ्याकडं, मग पदर तोंडाला लावत. पहिल्या चार गावांत मी लाजले. पाचव्या गावात म्हटलं, हसा बायांनो, तुमचीही करमणूक होऊ द्या.

गाडीचे खरे मालक होते ड्रायव्हर चाचा. उदगीरचे, पन्नाशी उलटलेले. मेंदी लावलेली दाढी, आणि पाण्याच्या बाबतीत इतके चिक्कू की टाकीची तोटी त्यांनी सुतळीनं बांधून ठेवली होती. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "बेटी, घरात सामान ठिवतेत, गाडीत सामान बांधतेत. याद ठिव." मी याद ठेवलं नाही. अहमदपूरच्या घाटात तुरीच्या डाळीचा डबा उघडून डाळ सगळ्या गाडीभर झाली. दुसऱ्या आठवड्यात रॉकेलचा डबा पिठाशेजारी ठेवला, तर भाकरीला रॉकेलचा वास. हे मुकाट्यानं दोन भाकऱ्या जेवले. मी विचारलं, "वास येत नाही?" तर म्हणाले, "येतो की." मला त्या माणसाबद्दल पहिल्यांदा प्रेम वाटलं ते तेव्हा, रॉकेलच्या भाकरीवर.

तेव्हा मुलीला लिहिलं ते असं. जड सामान खाली, आणि दोन चाकांच्या मध्ये. डबे गच्च भरलेले असावेत किंवा रिकामे. अर्धे डबे वाजतात आणि डोकं उठवतात. काचेचं काही न्यायचंच असेल तर साड्यांच्या घड्यांत न्यावं. गाडी उभी केली की खोबरेल तेलाची गळ्यापर्यंत भरलेली बाटली फरशीवर आडवी ठेवायची. आतला बुडबुडा ज्या बाजूला पळेल ती बाजू उंच. मग दुसऱ्या बाजूच्या चाकाखाली फळी सारायची. थंडीत खोबरेल गोठतं, तेव्हा गोडतेल घ्यावं. एवढं नाही केलं तर वरण भांड्याच्या एकाच बाजूला शिजतं आणि झोपेत माणूस नवऱ्याच्या अंगावर घरंगळतो. (हे दुसरं मी मुलीला लिहिलं नाही.) बाभळीखाली गाडी लावू नये, काटे टायरात जातात. ओढ्याच्या पात्रात तर कितीही सपाट दिसलं तरी लावू नये. लिंबाखाली लावावी. जमीन मुरमाड, घट्ट, थोडी उंचावरची बघावी. छतावर तुराट्यांची, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्यांची, ताटी टाकली की दुपार निभते. तांदळाचं धुवण वरणात घालावं, भांडी राखेनं घासून फडक्यानं पुसावीत. आणि कुठंही मुक्काम करायच्या आधी तिथल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारावं. सरपंच परवानगी देतो आणि विसरतो. म्हातारी परवानगी देते आणि तुमच्यावर लक्ष ठेवते. हा चाचांचा नेम होता.

आता ती गोष्ट. उन्हाळा ऐन भरात होता. अहमदपूरच्या पुढं एका गावात आमचा आठवडाभराचा मुक्काम ठरला. गावाला एक विहीर, तिच्यात सकाळी चार-दोन घागरी पाणी जमायचं. ओढ्याच्या अलीकडं, थोड्या उंचावर, बौद्ध वस्ती. वस्तीतल्या बायांना ओढा ओलांडून त्या विहिरीवर जावं लागे आणि बाकीच्यांचं होईपर्यंत लांब थांबावं लागे. हे मला कुणी सांगितलं नाही, मी रोज बघत होते. चाचांनी जागा धरली ती वस्तीच्या कडेला, एका लिंबाखाली. तिथलं पहिलंच घर एका म्हातारीचं. चाचांनी तिला विचारलं. ती म्हणाली, "ऱ्हावा की. माझ्या बापाचं काय जातंय?" मी तिला मावशी म्हणू लागले.

मावशी घरात एकटी. मुलगा रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडायला, आठवड्यातून एकदा यायचा. सून बाळंतपणाला माहेरी गेलेली, अर्धापूरला. तिकडं कालव्याचं पाणी, केळीच्या बागा. सुनेचे आईबाप त्याच बागांत कामाला. मुलगी झाली होती, तिला आता तीन महिने होत आले होते. सुनेची आई म्हणत होती, तुमच्याकडं प्यायला पाणी न्हाई, बाळंतिणीला मी तिथं धाडू कशी? "खरंच हाय तिचं," ती मला पहिल्या दिवशीच म्हणाली. "पर नातीचं तोंड मी पायलं न्हाई अजून. कशी दिसती कोण जाणं." हे ती रोज एकदा तरी म्हणायची, आणि म्हणून झाल्यावर उगाच उठून अंगण झाडायची.

गाडीच्या बाजूला आम्ही ताडपत्री ताणून सावली करत असू, तिथंच माझं स्वयंपाकघर. ताडपत्रीच्या दोऱ्यांना, म्हणजे तणाव्यांना, लोखंडी खुंट्या. त्या गावची जमीन अशी, की खुंटी ठोकता ठोकता यांच्या हाताला फोड आला. दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा दोन्ही हातांत चहाच्या कपबशा घेऊन निघाले आणि तणाव्यात पाय अडकून सपशेल आडवे झाले. चहा सांडला म्हणून त्यांनी मला रागावून घेतलं, कारण त्यात तीन कप पाणी होतं. मी आधी पोटभर हसले. मग शहाणपणा केला. जुन्या परकराची एक लाल चिंधी फाडली आणि त्या खुंटीला बांधली, म्हणजे लांबून दिसेल आणि कुणी अडखळणार नाही. मुलीला लिहिलेल्या चार पानांत ही टीप मी घातलेली नाही. मुद्दामच.

मला काय ठाऊक, की यांच्या खात्यात पॉइंट धरला, म्हणजे बोअर घ्यायची जागा नक्की केली, की तिथं खुंटी ठोकून तिला लाल चिंधी बांधतात! हे दिवसभर यंत्र आणि तारा घेऊन शिवारात हिंडायचे, मी गाडीपाशी. मी ते कधी पाहिलंच नव्हतं. पण शेजारच्या गावात महिन्यापूर्वी बोअर झालेली, आणि तिथली चिंधी सगळ्या पंचक्रोशीनं पाहिलेली.

चौथ्या दिवशी सकाळी मी उठले तर मावशी माझ्या खुंटीभोवती झाडत होती. खुंटीच्या चारी बाजूंनी तिनं दगड मांडले होते, शेळ्यांनी धक्का देऊ नये म्हणून. नारळ फोडणं, कुंकू वाहणं हे त्यांच्यात सोडून दिलेलं. तिनं नुसती जागा स्वच्छ केली होती, लख्ख, पाहुणा बसवायला करावी तशी.

"काय करूलालीस मावशी?" मी तिच्या बोलीत विचारलं. तिच्याशी तसं बोलायची मला सवय झाली होती.

"पॉइंट हितंच धरला न्हवं साह्यबानं?" ती म्हणाली. "मी कवाच वळखलं. कुणाला बोलले न्हाई. फकस्त सुनंला सांगावा धाडलाय परवा, नांदेडच्या यष्टीच्या कंडक्टरजवळ. म्हणलं, आपल्या दारात पाणी यायलंय, पोरीला घिऊन ये. बुधवारी यील ती."

त्या दिवशी सोमवार होता.

मी काही बोलले नाही. आता इतक्या वर्षांनी लिहिताना लाज वाटते, पण खरंच काही बोलले नाही. "बरं" म्हटलं आणि स्टोव्ह पेटवायला गेले. संध्याकाळी हे आले तेव्हा यांना सगळं सांगितलं. यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला.

"इथं तीनशे फूट गेलो तरी काळा पत्थर," हे म्हणाले. "म्हणून तर गाडी इतकी छान उभी आहे. मुक्कामाला जी जागा चांगली, ती पाण्याला वाईट."

"मग थोडा सरकवा ना पॉइंट इकडं."

"पॉइंट मी सरकवीन. पाणी कसं सरकवू?"

मी भांडले. तुमचं शिक्षण काय कामाचं, तुमचं यंत्र काय कामाचं, असलं सगळं बोलून घेतलं. चूक माझी होती, म्हणून जास्तच भांडले. हे ऐकून घेत राहिले. यांनी गावच्या बाजूला ओढ्याकाठी एक जागा जवळजवळ ठरवली होती. ती तशी चांगली होती. पण तिथं पाणी लागलं असतं तर वस्तीच्या बायांना पुन्हा ओढा ओलांडून लांब थांबणं आलंच असतं. हे मी बोलले नव्हते. यांनीच बोलून दाखवलं. मग म्हणाले, "उद्याचा दिवस बघतो. ओढ्याच्या अलीकडचं मी नीट तपासलेलंच नाही."

मंगळवारी हे आणि चाचा उजाडताच तारा घेऊन निघाले ते ऊन उतरल्यावर आले. वस्तीपासून पाच मिनिटांवर, ओढ्याच्या अलीकडच्या काठाला, यांना जागा सापडली. त्या जागेला पुढं पाणी लागलं आणि हातपंप बसला. पण ते पाऊसकाळ उलटल्यावर. बोअरच्या यंत्राची गाडी साऱ्या जिल्ह्यात फिरायची, तिचा नंबर यायला महिने लागत. मंगळवारी आमच्या हातात होती फक्त एक खरी खुंटी, आणि बुधवारी येणारं तीन महिन्यांचं बाळ.

मंगळवारी संध्याकाळीच मी मावशीकडं गेले. चाचा म्हणाले, "मी येतो संगं." मी नको म्हटलं. मावशी ज्वारी निवडत बसली होती. मी सगळं सांगून टाकलं, कुठंही न थांबता: चिंधी माझ्या परकराची, खुंटी ताडपत्रीची, चाचा पडले म्हणून बांधली, इथं खाली नुसता पत्थर आहे, पाणी ओढ्याकडं लागेल, पण कधी ते माहीत नाही. तिचा हात सुपात थांबला. ती माझ्याकडं नाही, खुंटीकडं बघत होती.

"म्हंजी त्या कापडाच्या दोरीची खुंटी हाय ती," ती म्हणाली.

"हाव," मी म्हटलं.

ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. "सांगावा तर गेला," ती म्हणाली. "आता पोरगी लेकराला घिऊन उन्हाची यील. तिला काय सांगू मी? माज्या तोंडातून न्हाई निघायचं."

"मी सांगते."

"तूच सांग," ती म्हणाली, आणि पुन्हा ज्वारी निवडू लागली. खडे बाहेर टाकायचे सोडून सुपातच टाकत होती, ते मी पाहिलं आणि उठून आले.

बुधवारी चाचांनी न सांगता ताडपत्री उतरवली, खुंट्या उपटल्या, डबे बांधले. एकदा लावलेली गाडी मुक्काम संपल्याशिवाय ते हलवत नसत, डिझेल जळतं म्हणून. पण फाटा तिथून अडीच-तीन किलोमीटर, आणि यष्टी यायची भर बाराला. "लेकरू हाय," एवढंच म्हणाले. मावशी पहिल्यांदाच गाडीत चढली. आमच्या पलंगावर बसायला तयार होईना, खाली बसली. हातात एक धुतलेलं लुगडं होतं, बाळाला गुंडाळायला.

यष्टी आली. नांदेडात बापानं बसवून दिलेली सून एकटीच उतरली: काखेत बाळ, हातात पिशवी, पिशवीतून डोकावणारी केळीची फणी. माझ्याच वयाची असेल. मावशीनं बाळाकडं हात केले आणि मागं घेतले. तिला वाटत होतं, आधी सांगून होऊ द्यावं. मग कदाचित ही उलट्या पावली जाईल, आणि एकदा मांडीवर घेतलेलं परत द्यावं लागेल. हे तिनं सांगितलं नाही, पण मला ते स्वच्छ दिसलं.

सुनेला गाडीत घेतलं आणि गाडी निघायच्या आत मी तिला सांगितलं. पुन्हा तेच: चिंधी, परकर, ताडपत्री. पाणी नाही. लागेल, पण आज नाही, उद्या नाही. "तुला परत जायचं असेल तर आम्ही नांदेडपर्यंत सोडतो," मी म्हटलं. यांना न विचारताच म्हटलं. हे पुढं बसून होकाराची मान हलवत होते.

ती ऐकत होती. बाळाच्या तोंडावरचा पदर तिनं सारखा केला आणि हसली. चेष्टेनं नव्हे, बरं वाटून.

"ताई, पाण्यासाठी कोण येतंय?" ती म्हणाली. "तिकडं कालवा दारातून जातो. मला घरी यायचं व्हतं. आई सोडंना. पाणी आलंय म्हणलं तवा सोडलं. खुंटीनं जनावर बांधतेत, मला तुमच्या खुंटीनं सोडवलं."

मला हसू आलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदम, आणि मी दोन्ही होऊ दिलं. चाचा पुढं नाक शिंकरत होते.

मावशी मात्र खालीच बसून होती. "मग आधीच का न्हाई आलीस?" ती हळूच म्हणाली. "तीन म्हैने मी हितं एकली."

"तुमी बोलावलं कवा, आत्याबाई?" सून म्हणाली. "मी तिकडं सांगाव्याचीच वाट बघून राहिले व्हते. म्हणलं, पोरगी झाली म्हणून राग आला आसंल."

मावशीचं तोंड उघडं राहिलं होतं. पाणी नाही, मग कोणत्या तोंडानं बोलवावं, म्हणून ती तीन महिने गप्प राहिली होती. आणि तिकडं त्या गप्प राहण्याचा असा अर्थ लागत होता. तिनं लुगड्याची घडी उलगडली, दोन्ही हात पुढं केले, आणि सुनेनं बाळ त्यात ठेवलं. मावशीनं नातीच्या तोंडाकडं पाहिलं, नीट, सावकाश, कपाळापासून हनुवटीपर्यंत.

"आता बोलावलं न्हवं?" ती म्हणाली.